तिसरा ठसा

१० जानेवारी

डॉक्टरसाहेबांना,

'सप्रेम' हा शब्द तूर्त बाजूला ठेवून, नमस्कार विनंती विशेष.

"यापुढे जे काही असेल ते लेखी कळवा," असं म्हणून तुम्ही फोन आदळलात, त्याला वर्ष झालं. लेखी कळवण्यासारखं काही नव्हतं म्हणून कळवलं नाही. आता आहे, म्हणून कळवतो. मी लोकांच्या बागेतल्या वाटा आणि अंगणं करून देणारा माणूस. थापी धरायची सवय, पेनाची नाही. तेव्हा माझ्या अक्षराला कोणी नावं ठेवू नयेत, आणि एखाद्या डॉक्टरने तर मुळीच ठेवू नयेत.

विषय असा की, तुमच्या सूनबाईंचा, म्हणजे माझ्या मुलीचा, परवा फोन आला. आवाज इतका शांत होता की मी उभा होतो तो खुर्चीत बसलो. म्हणाली, "बाबा, वर्षभर मी शनिवारी माझ्या सासऱ्यांना चहा करतेय आणि रविवारी तुम्हाला. दोघंही दारात आल्या आल्या आधी विचारता, 'ते येऊन गेले का?' हे माझं घर आहे की दवाखान्यातलं बाकडं? भोपळीचा पहिला वाढदिवस तिच्या आजोबांच्या अंगणात होईल, आणि दोन्ही आजोबा तिथे हजर असतील. जमत नसेल तर आम्ही तिघं समुद्रावर जातो. तुम्हा दोघांना फोटो पाठवीन. सारखेच. एकाला एकही जास्त नाही."

आपली नात वीस मार्चला एक वर्षाची होते, हे तुम्हाला सांगायला नको. तिला भोपळी हे नाव तुम्ही ठेवलंत, आणि ते तिला शोभतं, एवढं मी मान्य करतो. पण तिचा पहिला वाढदिवस मला फोटोत पाहायचा नाही. तुम्हालाही नसावा.

आता 'आजोबांच्या अंगणात' म्हणजे ज्या अंगणात हे सगळं घडलं त्याच अंगणात. तुम्ही दवाखाना बंद करून निवृत्त झालात तेव्हा मी तुम्हाला भेट म्हणून करून दिलेलं ते अंगण. तांबूस, राखाडी आणि चिमूटभर दुधी अशी खडी मी स्वतः बसून निवडली होती, कारण विहीणबाईंना ओल्या वाळूचा रंग हवा होता. त्या अंगणात आज दोन चपलांचे ठसे आहेत, आणि तो तिसरा ठसा आहे. तिसऱ्याबद्दल सभ्य माणूस म्हणून मी जास्त लिहीत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की मी येतो, तिन्ही ठसे कापून काढतो, नवं मिश्रण भरतो. ठसे गेले की भांडणाला उभं राहायला जागा उरणार नाही. कळवावे.

आपला (नाइलाजाने) व्याही

ता. क. विहीणबाईंना नमस्कार. लोकर मिळाली, रंग छान आहे. ह्यांनी हे पत्र चार वेळा लिहिलं. पहिल्या खेपेला 'सप्रेम' होतं.


२२ जानेवारी

डॉक्टरसाहेबांना,

नमस्कार विनंती विशेष.

तुमचं उत्तर मिळालं. औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलंत, त्यामुळे अर्धा दिवस मी ते केमिस्टकडे घेऊन जावं की काय या विचारात होतो. शेवटी हिने अक्षर लावून दिलं.

तुम्ही लिहिता, "दोरी नव्हती." मग आता लेखीच चाललंय तर जे घडलं ते एकदा क्रमाने लिहून टाकतो.

आदल्या दुपारी काम संपलं. धुऊन वाळवलेली बारीक खडी, त्यात डिंकासारखं चिकट रेझिन आणि रेझिनला घट्ट करणारं दुसरं औषध, हे सगळं मिक्सरमधून काढून मी तुमच्या अंगणात ओतलं आणि गुडघे टेकून थापीने असं सपाट केलं की वर काचेची गोटी ठेवली असती तर तिला कुठे जावं कळलं नसतं. थंडीचे दिवस. थंडीत रेझिन सावकाश आळतं. वरून वाळल्यासारखं दिसतं, आतून चिकटच असतं. म्हणून मी चार कोपऱ्यांना चार खुंट्या मारून दोरी बांधली. मी बांधली. माझ्या हाताने. तुमच्याच पायरीवर बसून गाठी मारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहणी करायला आलो, तर तुम्ही रबरी चपला घालून, हातात झारी घेऊन, त्या दोरीखालून वाकून गुलाबाकडे निघालेले. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत डावी चप्पल चिकटली. तुम्ही ती तिथेच सोडून पुढे उजवी टाकलीत, तीही चिकटली. मग तुम्ही अनवाणी पायाने मागे वळायला गेलात, तोल जाऊन मटकन बसलात आणि तिसरा ठसा उमटला. झारी उलटी होऊन तुमच्या डोक्यावर आली. पायजमा कात्रीने कापून तुम्हाला मोकळं करावं लागलं. इथपर्यंत कोणाचंच दुमत नसावं.

वर तुम्ही मलाच लिहिता, "रेझिन मला शिकवू नका, मी उभा जन्म लोकांच्या दातांत तेच भरलं. निळा दिवा धरला की क्षणात घट्ट होतं." डॉक्टरसाहेब, तुमचं भोक डाळीएवढं. माझं अंगण. अंगणाएवढा दिवा मी कुठून आणू?

तात्पर्य, दोरी होती. दोरी दिसत असूनही माणूस खालून वाकून जातो म्हणजे काय, याचा खुलासा व्हावा.

आपला व्याही

ता. क. विहीणबाई, हा खालचा भाग फाडून ठेवा. मला मेलीला राहवत नाही म्हणून लिहिते. तुम्ही त्या दोरीवर डॉक्टरभाऊंचा टॉवेल आणि दोन बनियन वाळत घातले होते, आणि भाऊंना ती कपड्यांचीच दोरी वाटली, हे मी वर्षभरात कोणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. निश्चिंत असा.


३ फेब्रुवारी

डॉक्टरसाहेबांना,

नमस्कार विनंती विशेष.

तर तो खालचा भाग कोणी फाडला नाही. तुम्ही वाचलात, विहीणबाईंना विचारलंत, त्यांनी फोन करून हिला विचारलं, आणि तेव्हा कुठे मला कळलं. माझ्याच लिफाफ्यातून माझ्याच घरातली बातमी तुमच्याकडे जाऊन मग माझ्याकडे आली. या दोघींनी वर्षभर आपल्याला झुंजवलं आणि स्वतः लोकरीचे रंग जुळवत बसल्या.

मला वाटलं, आता सगळं मिटलं. टॉवेल दोषी ठरला, तुम्ही सुटलात, मीही सुटलो. मी हिला म्हटलंसुद्धा, "बॅग काढ."

आणि तुमचं उत्तर आलं. "दोरीचा प्रश्न कधीच नव्हता. तुम्ही हसलात."

हसलो. नाही म्हणत नाही. पण मी एकटा हसलो असं चित्र रंगवू नये. पेपरवाला सायकल धरून हसत होता. शेजारच्या वकीलबाई गच्चीवर ब्रश करता करता हसल्या, त्यांच्या तोंडातला फेस तुमच्या कुंडीत पडला. त्या दोघांना तुम्ही काही म्हणाला नाहीत, मग मलाच का, असं मी लिहिणार होतो. पण तुम्ही त्याचंही उत्तर आधीच लिहून ठेवलंत. "पेपरवाला माझा व्याही नाही."

हे वाक्य मी पुन्हा वाचलं. पत्र घडी करून ठेवलं, काढलं, परत वाचलं. आता पुढच्या मुद्द्याकडे वळतो.

पुढचा मुद्दा म्हणजे तुमची अट. "ज्या दिवशी तुम्ही तुमच्या स्वतःच्या ताज्या कामात बसाल आणि मी काठावर उभा राहून हसेन, त्या दिवशी फिटंफाट." डॉक्टरसाहेब, तुम्ही शुद्धीवर आहात ना? मी आजवर ताज्या कामावरून मांजरं हुसकली, कुत्री हाकलली, एका गिऱ्हाइकाच्या आजीबाईंना खुर्चीसकट उचलून बाजूला ठेवलं. माझ्या कामाला मी डाग लागू दिला नाही. आणि आता मीच, माझ्या बुडाने, माझं काम बिघडवू? उद्या मी तुम्हाला सांगितलं की तुम्ही बसवलेला दात तुम्हीच बुक्की मारून पाडा, तर पाडाल? दुसरं काहीही मागा. माफीचं पत्र मागा, फुलं मागा, जन्मभर फुकट अंगण झाडून देतो. ते मात्र होणे नाही.

मुलीने समुद्राकाठची खोली बघून ठेवली आहे. खिडकीतून पाणी दिसतं म्हणे. तिला पाणी दिसेल, आपल्याला ठेंगा.

आपला व्याही

ता. क. विहीणबाई, आता फाडा म्हणत नाही, त्याचा उपयोग नसतो. भाऊंचा आणि ह्यांचा अर्धवट बुद्धिबळाचा डाव अजून कपाटावर मांडलेला आहे. वर्षभर मी त्या घोड्याउंटांच्या भोवतीनं फडकं मारते. हात लावला की हे ओरडतात, "त्यांची खेळी आहे!"


१६ फेब्रुवारी

डॉक्टरसाहेबांना,

न. वि. वि.

विहीणबाई तुम्हाला काय म्हणाल्या मला माहीत नाही, पण तुम्ही "अट कायम, नमुने पाठवा" एवढं तरी लिहिलंत. नमुने पाठवले. हातभर लाद्या केल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या, बसने पाठवल्या. आणि तुमचे शेरे आले.

पहिलीवर, "पिवळट." दुसरीवर, "जुन्या तोंडात नवा दात." तिसरीवर नुसतं, "हं." सुस्कारा टाकून लोक गप्प बसतात, तुम्ही तो टपालाने पाठवलात.

आता माझंही ऐका. या धंद्यात मी लोकांचे रंगाचे चोचले पुरवत आलो. एका बाईंना वाट त्यांच्या मांजराच्या रंगाची हवी होती, म्हणजे केस पडले तरी दिसायला नकोत. मी मांजर मांडीवर घेऊन खडी निवडली. मांजराने मला ओरबाडलं, पण वाट अशी जमली की पुढे ते मांजरच सापडेनासं झालं, बाई त्याच्या शेपटीवर पाय देऊ लागल्या. एका गृहस्थांना बायकोला न विचारता रंग ठरवायचा होता. त्यांना मी तीन वेळा अंगण करून दिलं. मला रंग कळत नाही असं आजवर कोणी म्हणालेलं नाही.

आणि तुमच्या लाद्यांत तर मी डोकंही चालवलेलं नाही. तीच खडी, त्याच खाणीची. तेच प्रमाण, तांबूस, राखाडी, दुधी, जसं तेव्हा होतं तसंच. तेव्हा जुळलं, आता जुळत नाही, म्हणजे बिघाड माझ्या खडीत नसून तुमच्या डोळ्यांत असला पाहिजे. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. तेही तुमच्यासारखेच चिठ्ठ्या लिहितात.

दाताच्या कण्या करून सांगतो, महिना राहिला आहे.

आपला

ता. क. आज पत्र पेटीत टाकताना ह्यांनी पेटीलाही दोन शब्द सुनावले. चौथी लादी पहाटे उठून केली आणि स्वतःच फोडली. तुकडे मी सुपलीत भरले.


१ मार्च

डॉक्टरसाहेबांना,

नमस्कार विनंती विशेष.

पार्सल पोचलं. माझ्या बायकोच्या वतीने मी निषेध नोंदवतो. तिला वाटलं विहीणबाईंनी लोकर पाठवली, म्हणून तिने भर स्वयंपाकघरात ते उघडलं, आणि आतून दात निघाले, कवळीचा रंग जुळवायला ठेवतात ते नमुन्याचे. पंख्यासारखे मांडलेले, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत, सगळे हसणारे. ती अशी ओरडली की समोरच्या घरातले लोक पळत आले. त्यांना मी सांगितलं, "काही नाही, व्याह्यांनी दात पाठवलेत." त्यानंतर ते आमच्याशी जपून बोलतात.

दातांखाली तुमच्या अंगणातून काढलेली खडीची एक कपची होती, छोट्या पाकिटात, वर लिहिलेलं, "काढलेला. रुग्णाला वेदना झाल्या नाहीत." मी हे वाचून हसलो. या वेळी कोणी रेझिनमध्ये पडलेलं नव्हतं, तेव्हा हे हसणं चालावं.

आणि सोबत तुमचं लांबलचक पत्र, चक्क वाचता येणाऱ्या अक्षरात. "कपची कुंडीखालची घेतलेली नाही, तिला अजून ऊन लागलेलं नाही, ती नव्या नवरीसारखी आहे. कडेची, रोज उन्हात बसणारी घेतली आहे. कवळी करताना माणसाचं आजचं तोंड पाहतात, लग्नातला फोटो नाही. तुम्ही गेल्या वर्षीचं अंगण जुळवत बसला आहात. ते आता तिथे नाही."

मी खुर्ची ओढली आणि बसलो. इतकी सोपी गोष्ट. वर्षभर ऊन खाऊन रेझिन जरा मधाळ झालं, खडी पायांनी घासली, दुधी खडा काळवंडला. आणि मी त्या अंगणाला जन्माला घालणारा माणूस, ते पहिल्या दिवशी जसं होतं तसंच डोळ्यांसमोर धरून बसलो होतो. आपलं अपत्य आहे तसं दिसत नाही, दुसऱ्या कोणीतरी दाखवावं लागतं. चिडायला हवं होतं, पण चिडता आलं नाही.

तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं. खिडकीजवळ गेलो, थेट उन्हात नाही. कपची ओली केली, लादी ओली केली. एकटक पाहिलं नाही, कारण डोळा थकतो आणि खोटं बोलायला लागतो. "मध्ये मध्ये निळ्या रंगाकडे पाहावे," असं तुम्ही लिहिलंत. घरात निळं म्हणजे हिची शाल. मी लादी पाहायचो, मग हिच्याकडे, मग लादी, मग हिच्याकडे. शेवटी ती म्हणाली, "आज काय झालंय तुम्हाला? इतकं तर लग्नाच्या आधी पाहिलं नव्हतं."

दुधी काढून टाकला, राखाडी वाढवली, तांबूसमध्ये एक जरा जळकट खडा मिसळला. लादी पाठवतो आहे. कपची तिच्यावर ठेवली आणि दोनदा हरवली.

आपला व्याही

ता. क. विहीणबाई, काय ते दात! पण एक सांगते, चार दिवस झाले, मला शाल अजून काढू देत नाहीयेत.


९ मार्च

डॉक्टरसाहेबांना,

न. वि. वि.

तुमचा शेरा मिळाला. "जुळला." एकच शब्द, पण मी ती चिठ्ठी दुकानात लावली आहे.

मंगळवारी मिक्सर घेऊन येतो. ही पण येते आहे. सूचना पुढीलप्रमाणे. खुंट्या आणि दोरी माझी मी आणीन. दोरीवर टॉवेल, बनियन, मोजे यांतलं काहीही येणार नाही. गुलाबाला आदल्या दिवशीच पाणी पाजून ठेवावं. पाण्याचा एक थेंब जरी रेझिनमध्ये गेला तरी ते दुधासारखं पांढरं पडतं.

तुम्ही लिहिता, "मिश्रण मी करीन, माप मला तुमच्यापेक्षा बरं कळतं." बघू.

त्या अटीबद्दल पुन्हा लिहू नये. बसणार नाही म्हणजे नाही. तुमचं हसायचं राहिलं तर राहिलं. वाढदिवसाला आपण दोघं एका अंगणात उभे राहू, मुलीला तेवढं पुरे आहे, मग आत काय शिजतंय ते शिजो.

आपला व्याही

ता. क. बॅग गेल्या महिन्यापासूनच भरलेली आहे.


२३ मार्च

प्रिय डॉक्टरसाहेब,

सप्रेम नमस्कार.

आता आपला फोन सुरू झाला आहे, रोज दोनदा बोलतो, तरी हे लिहितोच. काही गोष्टी फोनवर बोलायला लागलं की मला खोकला येतो.

आधी कामाचं. मी पुष्कळांच्या बरोबर गुडघे टेकून काम केलं, पण मास्क, हातमोजे आणि कपाळावर दिवा लावून आलेला माणूस पहिल्यांदाच पाहिला. मिक्सर फिरताना तुम्ही घड्याळ धरून उभे राहिलात आणि मी "झालं" म्हणायच्या आत "झालं" म्हणालात, याचा मला राग आला होता. तो गेला. ठसे मी सरळ चौकोनात कापले नाहीत, सरळ कापलं की ठिगळ दिसतं. खडीच्या कडेकडेने वेडंवाकडं कापलं. पण सांध्यावरचा एकेक खडा चिमट्याने उचलून, फिरवून, त्याची चपटी बाजू वर करून बसवण्याचं कोणाला सुचलं असतं? तुम्ही पोटावर आडवे झालात आणि म्हणालात, "तोंड उघडा." मी उघडलं. मग लक्षात आलं, तुम्ही अंगणाशी बोलत होतात.

दोन चपलांचे ठसे भरून झाले, तिसराही भरला. मी उभा राहून पाहिलं आणि मला सांधा सापडेना. माझंच काम, आणि मला सापडेना. इतकं चांगलं काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि ते माझ्या एकट्याच्या हातून झालेलंही नव्हतं. तुम्ही बाजूला उभे राहून हातमोजे काढत होतात. त्या वेळी मला एवढंच वाटत होतं, की हा माणूस वर्षभर माझ्याशी बोलला नाही आणि मला तो फार हवा होता.

त्यानंतर माझा पाय घसरला.

हे इथे स्पष्ट नमूद करतो. बुटाला रेझिन लागलं होतं, मागची खुंटी मी विसरलो, तोल गेला आणि मी बसलो. नेमका तिसऱ्या जागी बसलो हा योगायोग. ती अट पुरी करायला मी मुद्दाम बसलो, असा तुमचा समज झाला असेल तर तो काढून टाकावा. कारागीर माणूस असं करत नाही.

तुम्ही आधी हसला नाहीत. माझ्याकडे पाहत राहिलात. मी म्हटलं, "बघता काय?" आणि मग तुमचे खांदे हलायला लागले. तुम्ही भिंतीला धरलंत, मग पायरीवर बसलात, मग डोळे पुसलेत. वकीलबाई गच्चीवर आल्या, तुम्हाला सांगता येईना, नुसतं बोट दाखवत होतात. हसता हसता तुमचे वरचे दात खाली आले, आणि आयुष्यभर लोकांना "स्वतःचे दात जपा" सांगणाऱ्या माणसाचे वरचे दात स्वतःचे नाहीत हे मला कळलं. माझ्याजवळ ही गोष्ट सुरक्षित आहे.

माझी पँट तुम्ही तुमच्या दवाखान्याच्या कात्रीने कापलीत. हात देऊन उठवलंत. रेझिन अजून ओलं होतं, दोन हात फिरवले असते तर खळगा बुजला असता. मी थापी उचललीसुद्धा. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, "राहू द्या."

मी राहू दिलं.

वाढदिवसाचं तुम्ही पाहिलंतच, पण मला लिहून काढायचं आहे. मुलगी फाटकातून आली, तिने आधी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग घाईने आत गेली. चहा तिने एकदाच केला. भोपळीला खाली ठेवलं. एवढं मोठं अंगण, गुळगुळीत, कुठेही जावं. ती रांगत रांगत गेली, त्या खळग्यापाशी थांबली, वळली, आणि बशीत वाटी बसावी तशी त्यात बसली. उचललं की रडायची, ठेवलं की हसायची. केक तिथेच कापावा लागला. तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "माप घेऊन केल्यासारखं झालंय." मी म्हटलं, "मापाला मी बसलो होतो." आपण दोघंही हसलो ते फोटोत आलं आहे. मुलीने सांगितल्याप्रमाणे दोघांना सारखेच फोटो मिळाले.

डाव मांडलेला आहे. तुमची खेळी आहे. रविवारी या, आणि शनिवारीही या.

तुमचा,
व्याही

ता. क. विहीणबाई, सप्रेम नमस्कार. पाय घसरला नाही. मी तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. ह्यांनी आधी भाऊंचं लक्ष नाही ना ते पाहिलं, मग मागे वळून जागा हेरली, पँट दोन्ही बाजूंनी वर घेतली, डोळे मिटले आणि सावकाश बसले. तुम्ही फोनवर म्हणालात की भाऊंनाही ते दात बघायच्या त्यांच्या छोट्या आरशात दिसलं होतं, त्यांनी मुद्दाम पाठ फिरवली होती. तर ते दोघं एकमेकांना काही माहीत नाही असं समजून सुखात राहू देत.

हा खालचा भाग फाडून ठेवा. किंवा जाऊ दे, नका फाडू.